ईटीएफ निवडताना क्रम चुकवू नका: कोकणातल्या हंगामी कमाईसाठी सविस्तर मार्गदर्शक

मे अखेर आंब्याचा हिशेब लागतो, वाशीच्या पट्टीचे पैसे खात्यात येतात आणि विचारणा सुरू होते: "कुठला ईटीएफ घेऊ?" मासेमारीतल्या घरांत हाच प्रश्न जूनमध्ये बोटी शाकारल्यावर येतो, तर घरगुती निवास चालवणाऱ्यांकडे डिसेंबरची गर्दी ओसरल्यावर. प्रश्न योग्य आहे, पण तो सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. कुणीतरी सांगितलेलं नाव आधी घेतात आणि घराचा हिशेब नंतर बघतात. मग ऑगस्टमध्ये गणपतीच्या खर्चासाठी पडत्या भावात युनिट्स विकावी लागतात.

ईटीएफ म्हणजे एखाद्या निर्देशांकाची (ठरलेल्या शेअरच्या किंवा रोख्यांच्या यादीची) किंवा सोन्यासारख्या वस्तूची नक्कल करणारा म्युच्युअल फंड. त्याची युनिट्स शेअरसारखी बाजारात, सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० या वेळेत घेता-विकता येतात. हा लेख ती युनिट्स कुठल्या क्रमाने निवडायची आणि कशी विकत घ्यायची याबद्दल आहे. खाली दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. चौथी पायरी आवडली म्हणून पहिली गाळू नका.

आधीची तयारी: खातं आणि कागद

ईटीएफ घ्यायला बँक खातं, ट्रेडिंग खातं (बाजारात घेण्या-विकण्यासाठी) आणि डिमॅट खातं (घेतलेली युनिट्स ठेवण्यासाठी) लागतं. आपल्याकडे इथेच पहिला खोळंबा होतो, कारण आधारवर एक नाव, पॅनवर दुसरं आणि बँकेच्या पासबुकावर तिसरं असतं. कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे नुसतं आद्याक्षर, तर कुठे आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं. तिन्ही ठिकाणी नाव एकसारखं करून घ्या आणि मगच खात्याचा अर्ज भरा. हंगामाचे पैसे येण्याच्या महिनाभर आधी हे काम उरका.

डिमॅट उघडताना 'बेसिक सर्व्हिस डिमॅट' मिळतं का ते विचारा. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमानुसार अशा खात्यात ४ लाख रुपयांपर्यंतची होल्डिंग असेल तर वार्षिक देखभाल शुल्क शून्य, आणि ४ ते १० लाखांपर्यंत १०० रुपये. अट अशी की पहिले खातेदार म्हणून तुमच्या नावावर तेवढं एकच डिमॅट खातं हवं. मुंबईला नोकरीत असताना उघडलेलं आणि नंतर विसरलेलं खातं असेल तर ते आधी बंद करा.

सावध: व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्रामच्या गटात आलेल्या लिंकवरून कुठलंही अॅप घेऊ नका, आणि कुणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे भरू नका. ब्रोकरचा, म्हणजे खरेदी-विक्री करून देणाऱ्या दलालाचा, नोंदणी क्रमांक सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर तपासता येतो. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत ब्रोकर आणि फंड घराण्यांसाठी (म्युच्युअल फंड चालवणाऱ्या कंपन्यांसाठी) 'व्हॅलिड' हा शब्द असलेले खास यूपीआय पत्ते आले आहेत. पैसे भरताना तो शब्द दिसतो का ते बघा.

१. घरात आधीच काय आहे ते लिहून काढा

एक कागद घ्या आणि घराची मालमत्ता लिहा. बाग, घर, बोट, बँकेतल्या ठेवी, पतसंस्थेतल्या ठेवी, विमा, नाणी किंवा वळी म्हणून ठेवलेलं सोनं, मुंबईतली खोली असेल तर तीही. अंगावरचे दागिने यात धरू नका. ते विकायचे नसतात, आणि जे विकायचं नाही त्यावर वाटणी बेतता येत नाही.

आता त्या यादीकडे बघा. बाग किनाऱ्यावर, घर त्याच बागेत, घरगुती निवास त्याच घरात. एकच वादळ तिन्हींना धक्का देतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर आणि पलीकडे दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षं जातात. त्याच उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे पर्यटकही नव्हते. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते आलं. या घरांना विविधता हवी आहे ती नेमकी इथे: आपला किनारा, आपलं हवामान आणि आपला हंगाम यांच्यावर जे अवलंबून नाही, अशा ठिकाणी थोडा पैसा असणं. ईटीएफचं काम हे आहे.

पतसंस्थेतल्या ठेवींपुढे खूण करून ठेवा. बँकेतल्या, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेवींना प्रति ठेवीदार प्रति बँक ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थांना तो लागू नाही. त्यामुळे वाटणी करताना पतसंस्थेतली ठेव 'सुरक्षित' या रकान्यात आंधळेपणाने टाकू नका.

तपासणी: कागदावर एकूण रक्कम आणि प्रत्येक गोष्टीचा अंदाजे वाटा टक्क्यांत लिहिला आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

२. पुढच्या हंगामापर्यंतचा पैसा बाजूला काढा

सगळ्यात जास्त चुका या पायरीवर होतात, म्हणून इथे वेळ द्या.

नोकरदाराला दर महिन्याला पगार येतो. आपल्याकडे पैसा दोन-तीन महिन्यांत येतो आणि बारा महिने जातो. आंब्याच्या घरात जूनमध्ये शाळा-कॉलेजची फी, ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती, पावसाळा सरला की बागेची साफसफाई, पालवीपासून मोहोरापर्यंत फवारण्या, मग राखणीला आणि काढणीला येणाऱ्या नेपाळी कामगारांची उचल. मासेमारीत १ जून ते ३१ जुलै बंदीचा काळ. आवक शून्य, आणि नेमकी तेव्हाच बोटीची डागडुजी, इंजिनाचं काम, जाळ्यांची खरेदी. हे सगळे खर्च महिन्यांच्या नावापुढे लिहा.

एक उदाहरण घेऊ. समजा, देवगडकडच्या एका बागायतदाराकडे मजुरी, औषधं, पेट्या आणि वाहतूक वजा जाता ६ लाख रुपये उरले. पुढच्या एप्रिलपर्यंतचा घरखर्च २ लाख ४० हजार. पुढच्या हंगामाची तयारी १ लाख २० हजार. मोहोर गळाला किंवा थ्रिप्सने वाट लावली तर हाताशी हवेत म्हणून आणखी १ लाख २० हजार. उरले १ लाख २० हजार. ईटीएफसाठीचा पैसा एवढाच आहे. ६ लाखांतले ४ लाख शेअरच्या ईटीएफमध्ये घालणारा माणूस खरं तर आपल्या फवारणीचे पैसे बाजारात लावतो आहे.

बाजूला काढलेला पैसा बचत खात्यात आणि वेगवेगळ्या मुदतींच्या बँक ठेवींत ठेवा. लिक्विड ईटीएफ (अगदी थोड्या मुदतीसाठी पैसे लावणारा) हा पर्याय आहे, पण विकल्यानंतर व्यवहार पुढच्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण होतो आणि पैसे बँकेत यायला त्यापुढे वेळ लागू शकतो. रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर त्याचा उपयोग नाही. म्हणून निदान दोन महिन्यांचा खर्च साध्या बचत खात्यातच असू द्या.

सावध: पीककर्ज थकवून ईटीएफ घेऊ नका. किसान क्रेडिट कार्डावर ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर फेडलं तर व्याज सवलतीनंतर ४ टक्क्यांवर येतं. मुदत चुकली की ही सवलत जाते. आधी कर्ज फेडायचं, मग उरलेल्याचा विचार.

३. वाटणी टक्क्यांत ठरवा

कुठलंही नाव मनात न आणता तीन आकडे ठरवा: शेअर किती, रोखे (सरकारला किंवा कंपनीला व्याजाने दिलेले पैसे) किती, सोनं किती.

शेअरचा वाटा ठरवताना परताव्याआधी घसरणीचा विचार करा. जानेवारी २०२० मध्ये १२,३०० च्या वर असलेला निफ्टी ५० (देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) २३ मार्च २०२० ला ७,६१० वर बंद झाला. सव्वादोन महिन्यांत साधारण ३८ टक्के. २००८ मध्ये तर त्या एका वर्षात तो निम्म्याहून खाली आला होता. असं पुन्हा होणार नाही असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

आपल्या उदाहरणात १ लाख २० हजार आहेत. शेअर ६० टक्के, म्हणजे ७२ हजार. रोखे २५ टक्के, म्हणजे ३० हजार. सोनं १५ टक्के, म्हणजे १८ हजार. ही वाटणी उदाहरणापुरती आहे. ज्यांच्या घरात आधीच वळी-नाणी भरपूर आहेत त्यांनी सोन्याचा ईटीएफ घेऊच नये असं माझं मत आहे. तो वाटा रोख्यांकडे वळवावा. ज्यांची सगळी बचत ठेवींत आहे त्यांना रोख्यांच्या ईटीएफची तितकी गरज नाही. पहिल्या पायरीतला कागद इथे कामाला येतो.

तपासणी: ७२ हजारांचे ४५ हजार झालेले दिसले आणि त्याच वर्षी हंगामही पडला, तरी सात वर्षं हात न लावता राहता येईल का? उत्तर अडखळत आलं तर शेअरचा वाटा आताच कमी करा. घरातल्या दुसऱ्या कमावत्या माणसालाही हाच प्रश्न विचारा.

४. निर्देशांक निवडा, ईटीएफ त्यानंतर

ईटीएफ काय देणार हे त्याच्या मागचा निर्देशांक ठरवतो, फंड घराण्याचं नाव नव्हे.

शेअरसाठी पहिला निर्देशांक निफ्टी ५० किंवा सेन्सेक्स. दोन्ही घेण्याची गरज नाही, कारण सेन्सेक्समधल्या ३० कंपन्यांपैकी जवळजवळ सगळ्या निफ्टी ५० मध्ये असतातच. त्यानंतरच्या पन्नास मोठ्या कंपन्या निफ्टी नेक्स्ट ५० मध्ये येतात. निफ्टी ५० आणि नेक्स्ट ५० मिळून निफ्टी १०० होतो. मिडकॅप १५० मध्ये १०१ ते २५० क्रमांकाच्या कंपन्या. हे मांडून पाहिलं की दुहेरी खरेदी लगेच दिसते. एक निफ्टीचा, एक सेन्सेक्सचा, एक निफ्टी १०० चा आणि एक बँक निफ्टीचा असे चार ईटीएफ घेणाऱ्याला वाटतं की आपण चार ठिकाणी पैसे पसरले. एकाच झाडाचे आंबे चार पेट्यांत भरले म्हणून चार जाती होत नाहीत. निफ्टी ५० मध्ये बँका आणि वित्त कंपन्यांचा वाटा मुळातच एकतृतीयांशाच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. वर बँक निफ्टी घेतला की तो वाटा आणखी फुगतो.

लाखाच्या आतबाहेर रक्कम असेल तर एकटा निफ्टी ५० पुरेसा आहे. दुसरा हवाच असेल तर नेक्स्ट ५० घ्या, पण शेअरच्या वाट्याचा पाव ते तिसरा हिस्साच, कारण तो वरही जोरात जातो आणि खालीही. एखाद्या क्षेत्राचे किंवा विषयाचे ईटीएफ, म्हणजे संरक्षण, आयटी, औषधं वगैरे, पहिल्या तीन वर्षांत घेऊ नका. त्यांची जाहिरात होते ती भाव चढून गेल्यावर.

परदेशी शेअरच्या ईटीएफबद्दल वेगळा इशारा द्यावा लागतो. भारतीय फंडांनी परदेशात किती पैसे लावायचे यावर डॉलरमध्ये मर्यादा आहे: सगळ्या उद्योगासाठी ७०० कोटी डॉलर आणि परदेशी ईटीएफसाठी वेगळी १०० कोटी डॉलर. मर्यादा भरली की फंड नवी युनिट्स तयार करू शकत नाही. मागणी मात्र चालू राहते आणि बाजारातला भाव खऱ्या मूल्याच्या कितीतरी वर जातो. अमेरिकेच्या नॅस्डॅक १०० वर चालणाऱ्या ईटीएफमध्ये हे घडलेलं आहे. १०० रुपयांची वस्तू ११० ला घेतली आणि उद्या मर्यादा उठली, तर अमेरिकेचा बाजार जागचा हलला नाही तरी तुमचे दहा रुपये जातात.

रोख्यांमध्ये मुदत बघा. ठरावीक मुदतीचे ईटीएफ, उदाहरणार्थ एप्रिल २०३० किंवा एप्रिल २०३१ ला संपणारे भारत बॉण्ड ईटीएफ, सरकारी कंपन्यांच्या ट्रिपल-ए (सगळ्यात वरच्या पतदर्जाच्या) रोख्यांत पैसे ठेवतात. मुदतीपर्यंत धरले तर घेतानाच्या उत्पन्नदराच्या जवळपास परतावा मिळतो, तरी त्याची हमी नसते. मुलीच्या शिक्षणासाठी किंवा बोटीच्या नव्या इंजिनासाठी ठरावीक वर्षी पैसे लागणार असतील तर त्या वर्षाच्या आधी संपणारा ईटीएफ घ्या. मुदत नसलेले दीर्घ सरकारी रोख्यांचे ईटीएफ व्याजदर वाढले की खाली येतात. "सरकारी आहे म्हणजे पडणार नाही" हा समज चुकीचा आहे.

सोन्यासाठी ९९.५ टक्के शुद्धतेच्या सोन्यावर चालणारे ईटीएफ आहेत. घडणावळ नाही, घट नाही, लॉकर नाही. चांदीचे ईटीएफ जानेवारी २०२२ पासून आहेत, पण चांदी सोन्यापेक्षा खूप जास्त हेलकावते. विविधतेसाठी ती लागतेच असं नाही.

तपासणी: तुमच्या यादीत आता तीन किंवा चार निर्देशांक असावेत. पाच झाले असतील तर एक नक्कीच दुसऱ्याची पुनरावृत्ती आहे.

५. त्या निर्देशांकाच्या ईटीएफमधून एक निवडा

निफ्टी ५० वर डझनाहून जास्त ईटीएफ आहेत. आता त्यांतून एक. खालच्या क्रमाने चाळत जा.

पहिली चाळण उलाढालीची. बाजाराच्या वेळेत ईटीएफचं पान उघडा आणि खरेदीदार-विक्रेत्यांची यादी बघा. डावीकडे घेणाऱ्यांचे भाव, उजवीकडे विकणाऱ्यांचे. एका ईटीएफमध्ये घेणारा २४९.९० ला आणि विकणारा २५०.१० ला उभा आहे. फरक २० पैसे, म्हणजे ०.०८ टक्के. दुसऱ्यात घेणारा २४८ ला आणि विकणारा २५२ ला. फरक ४ रुपये, १.६ टक्के. या दुसऱ्याचा वार्षिक खर्च पहिल्यापेक्षा ०.०२ टक्क्यांनी कमी असला तरी काय उपयोग? आत-बाहेर होतानाच कित्येक वर्षांची बचत गेली. नुसत्या भावावर जाऊ नका, दोन्ही बाजूंना किती युनिट्स उभी आहेत तेही बघा. पन्नास-साठ युनिट्सच दिसत असतील तर तो ईटीएफ सोडा.

दुसरी चाळण ट्रॅकिंग डिफरन्सची, म्हणजे निर्देशांकापेक्षा ईटीएफ किती मागे पडला. निर्देशांकाने वर्षभरात १२ टक्के आणि ईटीएफने ११.८ टक्के दिले तर फरक ०.२. तुलना लाभांशासहित निर्देशांकाशी, म्हणजे टीआरआयशी, केलेली हवी. फंड घराण्यांना १, ३, ५ आणि १० वर्षांचा हा फरक आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. निदान तीन वर्षांचा बघा. 'ट्रॅकिंग एरर' हा वेगळा आकडा. तो फरक किती हेलकावतो ते दाखवतो. दोघांत गल्लत होते. तुमच्या खिशाला आधी ट्रॅकिंग डिफरन्स जाणवतो.

खर्चाचं प्रमाण तिसऱ्या क्रमांकावर. निफ्टी ५० च्या मोठ्या ईटीएफमध्ये ते वर्षाला ०.१ टक्क्याच्या आतच असतं, म्हणून तिथे फार खल करू नका. सोन्याच्या ईटीएफमध्ये मात्र फंडाफंडांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास अंतर सापडतं. तिथे नीट बघा.

आणि एक गोष्ट निवडीतून पूर्ण काढून टाका: युनिटचा भाव. २५ रुपयांचं युनिट २५० च्या युनिटपेक्षा 'स्वस्त' नसतं. युनिटचा आकार फंड घराणं ठरवतं. सोन्याच्या बऱ्याच ईटीएफमध्ये आता एक युनिट म्हणजे साधारण ०.०१ ग्रॅम सोनं आहे, आधी एक ग्रॅम असायचं. लहान युनिटची सोय एवढीच की छोटी रक्कम पूर्ण गुंतवता येते.

सावध: एकाच फंड घराण्याचे 'निफ्टी ५० ईटीएफ', 'निफ्टी ५० इंडेक्स फंड' आणि 'गोल्ड ईटीएफ फंड ऑफ फंड' अशी मिळतीजुळती नावं असतात. ईटीएफ डिमॅटमधून घ्यायचा. इंडेक्स फंड (निर्देशांकाचीच नक्कल करणारा, पण बाजारात न विकला जाणारा) आणि फंड ऑफ फंड (ईटीएफचीच युनिट्स घेणारा) थेट फंड घराण्याकडून, दिवसाअखेरच्या एनएव्हीवर (एका युनिटच्या मूल्यावर). ज्यांच्या वाडीत दिवसा नेटवर्क धड नसतं, किंवा ज्यांना भाव बघत बसायचं नाही, त्यांनी त्याच निर्देशांकाचा इंडेक्स फंड डायरेक्ट (मध्ये एजंट नसलेल्या) योजनेत घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. थोडा जास्त खर्च द्यावा लागतो, पण पुढच्या पायरीतल्या बहुतेक चुका टळतात.

६. खरेदीचा दिवस

ईटीएफला दोन किमती असतात. एक बाजारातला भाव, दुसरी त्याच्या आतल्या मालाची किंमत. ही दुसरी किंमत बाजार चालू असताना आय-एनएव्ही म्हणून फंड घराण्याच्या संकेतस्थळावर दिसत राहते. शेअरच्या ईटीएफची ती काही सेकंदांनी बदलत असते. खरेदीआधी दोन्ही शेजारी ठेवून बघणं ही सवयच लावून घ्या.

आय-एनएव्ही २५०.१० आणि विकणारा २५०.२० ला असेल तर घ्या. आय-एनएव्ही २५०.१० आणि विकणारा २५३.५० ला असेल तर थांबा. तुम्ही सव्वा टक्क्याहून जास्त वर देत आहात. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीच्या ईटीएफमध्ये असंच झालं. प्रत्यक्ष चांदीची टंचाई होती, ईटीएफचे भाव मूल्याच्या बरेच वर गेले आणि काही फंड घराण्यांनी आपल्या चांदीच्या फंड ऑफ फंडमध्ये एकरकमी पैसे घेणं काही काळ थांबवलं. त्या दिवसांत भाव बघून धावत सुटलेल्यांनी चांदीबरोबर प्रीमियमही विकत घेतला.

माझी मर्यादा साधी आहे: शेअर आणि सोन्याच्या ईटीएफमध्ये भाव आय-एनएव्हीच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त वर असेल तर त्या दिवशी खरेदी नाही.

ऑर्डर नेहमी लिमिटची. लिमिट ऑर्डरमध्ये "यापेक्षा जास्त देणार नाही" असा भाव तुम्ही सांगता. मार्केट ऑर्डरमध्ये समोर जो भाव असेल तो स्वीकारता. आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. जून-जुलैत वीज जाते, टॉवर बंद पडतो, फोन मध्येच निकामी होतो. लिमिट ऑर्डर एकदा एक्स्चेंजपर्यंत पोचली की फोन बंद झाला तरी दिवसभर तुमच्या भावावर उभी राहते. रात्री टाकून ठेवलेली मार्केट ऑर्डर सकाळी उघडत्या बाजारात कुठल्या भावाला लागेल सांगता येत नाही.

वेळ साधारण दहा ते तीनच्या दरम्यान. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत आणि अगदी शेवटी भावांमधलं अंतर वाढलेलं असतं. मोठी बातमी, अर्थसंकल्प किंवा निकालाचा दिवस टाळा.

हंगामाचा पैसा एकदम घालायचा की तुकड्यांत? रोख्यांचे ३० हजार एकदम घाला. सोन्याचे १८ हजार दोनदा. शेअरचे ७२ हजार जून ते नोव्हेंबर दर महिन्याला १२ हजार. बाजार चढत असेल तर तुकड्यांत घेतलेलं थोडं महाग पडतं हे खरं. तरी ज्याने पहिल्यांदाच पैसे लावले आणि लावल्यावर पंधरा दिवसांत बाजार पडला, तो बहुधा कायमचा दूर जातो. ते टाळणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सहा महिन्यांपेक्षा जास्त मात्र लांबवू नका. नाहीतर "अजून पडेल" म्हणत पैसे खात्यातच राहतात आणि पुढचा हंगाम येतो.

१२ हजारांची ऑर्डर अशी: आय-एनएव्ही २५०.१०, लिमिट भाव २५०.२०, युनिट्स ४७. रक्कम ११,७५९ रुपये ४० पैसे आणि वर किरकोळ शुल्क. उरलेले दोनशे-सव्वादोनशे पुढच्या महिन्यात. युनिट्स पुढच्या कामकाजाच्या दिवशी डिमॅटमध्ये दिसतात.

तपासणी: दोन दिवसांनी ब्रोकरच्या अॅपवर न थांबता सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिपॉझिटरींच्या (डिमॅटमधली युनिट्स सांभाळणाऱ्या संस्थांच्या) विवरणपत्रात युनिट्स जमा झाली का बघा. तिथे दिसली तरच ती तुमची.

७. वर्षातून एकदा समतोल, आणि कर

दर वर्षी मेअखेर, नवे पैसे हातात असताना, पुन्हा टक्के काढा. ६०-२५-१५ ची वाटणी ६८-२०-१२ झाली असेल तर नवे पैसे रोखे आणि सोन्यात घाला. काही विकायची गरज पडत नाही, करही लागत नाही. नव्या पैशांनीही जुळत नसेल आणि एखादा वाटा ठरलेल्या आकड्यापासून पाच टक्क्यांहून जास्त हलला असेल, तेव्हाच विका. छोट्या छोट्या विक्री टाळा. प्रत्येक विक्रीला डिमॅटचं शुल्क लागतं, साधारण पंधरा-वीस रुपये. पाचशे रुपयांची युनिट्स विकली तर तीन-चार टक्के तिथेच गेले.

कराबद्दल बागायतदारांत एक मोठा गैरसमज आहे. आंब्याचं उत्पन्न शेतीचं म्हणून करमुक्त, मग त्यातून घेतलेल्या ईटीएफचा नफाही करमुक्त. तसं नाही. पैसा कुठून आला याचा संबंध नाही, नफा भांडवली नफा म्हणूनच मोजला जातो. मासेमारी आणि घरगुती निवासाचं उत्पन्न तर शेतीचं धरलंच जात नाही.

२३ जुलै २०२४ पासूनचे दर असे. शेअरचा ईटीएफ बारा महिन्यांच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के. त्यानंतर विकला तर वर्षाच्या १ लाख २५ हजारांवरच्या नफ्यावर १२.५ टक्के. सोन्याचा ईटीएफ बारा महिन्यांनंतर १२.५ टक्के, त्याआधी तुमच्या आयकराच्या स्लॅबप्रमाणे (उत्पन्नाच्या टप्प्याच्या दराने). सव्वा लाखाची सूट सोन्याला नाही. सोन्याच्या फंड ऑफ फंडला दीर्घ मुदतीसाठी चोवीस महिने लागतात. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या रोख्यांच्या ईटीएफचा नफा कितीही वर्षांनी विकला तरी स्लॅबप्रमाणे. तोटा झाला असेल तर विवरणपत्र मुदतीत भरा, तरच तो पुढच्या आठ वर्षांत वळता करता येतो.

८. घरच्यांना माहिती

डिमॅटला नॉमिनी लावलेला आहे का, आणि त्याचं नाव त्याच्या आधारवर आहे तसंच लिहिलं आहे का, ते आजच बघा. एकापेक्षा जास्त नॉमिनी लावता येतात. प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत भरा. मुलगा मुंबईला आणि आईवडील गावी अशा घरांत खातं कुणाच्या नावावर आहे हेच कित्येकदा दुसऱ्याला माहीत नसतं.

एका कागदावर ब्रोकरचं नाव, डिमॅटचा क्लायंट क्रमांक, जोडलेलं बँक खातं, नोंदवलेला मोबाइल नंबर आणि ईमेल लिहा. पासवर्ड आणि पिन त्यावर लिहू नका. वारसाला त्यांची गरज नसते, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीच्या कागदांवर युनिट्स त्याच्या नावावर होतात. नोंदवलेलं सिम रिचार्ज न करता बंद पडू देऊ नका, कारण विक्रीचा ओटीपी तिथेच येतो. डिपॉझिटरीचं एकत्रित विवरणपत्र ईमेलवर येतं. वर्षातून एकदा, समतोल साधण्याच्या दिवशी, त्याची छापील प्रत काढून सातबारा आणि विम्याच्या कागदांबरोबर ठेवा, आणि जुनी प्रत काढून टाका.